फिफ्थ व्हीलच्या नाकाजवळची फट परत परत उघडतेय? सीलंट भरायच्या आधी फ्रेम तपासा

पुढची कॅप (नाकावरचं तोंडासारखं आवरण) आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तिथे फट पडली, सीलंट भरलं, दोन-चार ट्रिपा झाल्या की त्याच जागी तीच फट हजर. फिफ्थ व्हील कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या मागच्या उघड्या हौद्यातल्या (बेडमधल्या) हिचला, म्हणजे जोडणीला, अडकवून ओढायचं चाकांवरचं घर, आणि त्याच्या मालकांकडून माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि दर वेळी पहिलं वाक्य तेच सांगतो, सीलंट फाटतंय म्हणजे त्याच्या मागचं काहीतरी हलतंय, आणि ते काय हलतंय हे कळायच्या आधी नवीन सीलंट भरलंत तर तुम्ही फक्त पुरावा झाकताय. म्हणून ही पोस्ट. आधी लक्षणं सांगतो, मग तपासण्या, फुकटातल्या आधी आणि खर्चिक, अंगमेहनतीच्या नंतर. शेवटच्या दोन पायऱ्यांपर्यंत बहुतेकांना जावंच लागत नाही.

लक्षणं

सगळ्यात आधी सीलंट नीट बघा. उन्हाने वाळलेलं सीलंट सगळीकडे बारीक बारीक तडकतं, छतावर, खिडक्यांभोवती, सगळीकडे सारखंच. फ्रेम हलल्यामुळे फाटलेलं सीलंट एकाच जागी, मधोमध, चिरल्यासारखं फाटतं आणि दोन्ही कडांना चिकटून राहिलेलं असतं. हा फरक कळला तर अर्धं काम झालं.

दुसरं, बेडरूमचा जो उंच भाग ट्रकच्या बेडवर येतो त्याच्या खालच्या कडेची पट्टी बघा. तिचे स्क्रू वर आलेत का, पट्टी लाटेसारखी झालीये का. आतून त्याच कोपऱ्यात वॉलपेपरला सुरकुती, ट्रिम सुटलेली, कपाटाची दारं आपोआप उघडणारी. बेडरूमचं दार ट्रक जोडला की घासतं आणि सोडला की मोकळं होतं, किंवा उलट, असं असेल तर ते फार बोलकं लक्षण आहे, नक्की लिहून ठेवा.

स्लाइड आउटच्या (बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या) किंवा खिडकीच्या चौकोनाच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग. स्लाइडचं रबर एका बाजूला दबलेलं, दुसऱ्या बाजूला उजेड दिसतोय. बाहेरच्या फायबरग्लासला फुगवटा. टायर एकाच बाजूने झिजतायत, किंवा एका बाजूला दोन चाकांमधलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा कमी दिसतंय. पिन बॉक्सच्या (ट्रकला जोडायची खुंटी ज्यात असते त्या लोखंडी पेटीच्या) बोल्टखालून गंजाचा ओघळ. पोटाखालचा प्लास्टिकचा पत्रा मधेच लोंबलेला. आणि चालवताना ट्रकला मागून पुढे-मागे धक्के बसणं, ते रस्त्यामुळेही असतं पण दर ट्रिपला वाढत असेल तर दुर्लक्ष करू नका.

यातलं एकच लक्षण असेल तर लगेच फ्रेम गेली असं धरू नका. मुख्य दार अडकतंय एवढंच असेल तर बऱ्याचदा गाडी नीट लेव्हल केलेली नसते, बस. दोन-तीन लक्षणं एकाच भागात जमा झाली की मग मात्र पुढचं सगळं करा.

हे नेमकं तिथेच का होतं

थोडं समजून घ्या, कारण हे कळलं की कुठे बघायचं ते आपोआप कळतं. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरला पुढे सरळ दांडा असतो. फिफ्थ व्हीलमध्ये खालचे दोन मुख्य आय-बीम (इंग्रजी I च्या आकाराच्या लोखंडी तुळया) मागून येतात, मग उभे खांब वर जातात आणि त्यावर बेडरूमचा डेक पुढे तरंगतो, त्याच्या पोटात पिन बॉक्स. ट्रक जोडला की किंगपिन, म्हणजे पिन बॉक्सची हिचमध्ये बसणारी खुंटी, त्या पुढच्या टोकाला वर ढकलतो, म्हणजे डेकची खालची बाजू ताणली जाते आणि डेक जिथे उभ्या भिंतीला मिळतो तो आतला कोपरा उघडायला बघतो. ट्रक काढून लँडिंग गिअरवर (पुढच्या टेकूच्या पायांवर) उभी केली की पाय त्या कोपऱ्याच्या मागे असतात, पुढचा सगळा भाग हवेत लटकतो आणि तोच कोपरा मिटायला बघतो. रस्त्यावर प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक पुलाच्या सांध्यावर हा ताण कमी-जास्त होतो. एकाच जागी तार सारखी वाकवली की तुटते, तसं तिथल्या वेल्डचं होतं, एका मोठ्या धक्क्याने क्वचितच, हजारो लहान धक्क्यांनी जास्त.

आणि भिंत फ्रेमवर उभी असली तरी तिला फ्रेमइतकं वाकता येत नाही. म्हणून आधी सीलंट फाटतं, मग स्क्रू सैल होतात, मग भिंत डेकपासून सुटते, आणि फटीतून पाणी आत गेलं की भिंतीच्या थरांचा (लॅमिनेटचा) गोंद सुटतो. पाण्याचं नुकसान कित्येकदा वेल्डच्या दुरुस्तीपेक्षा महाग पडतं, म्हणून तपास चालू असेपर्यंत फटीवर चांगली वॉटरप्रूफ टेप मारून ठेवा. टेप काढता येते. सीलंट काढायचं म्हणजे जीव जातो.

१. खूण करा, फोटो काढा

खर्च शून्य. ज्या ज्या फटीवर संशय आहे तिच्या आडवी पेंटरची टेप लावा, फटीच्या बरोबर वर टेप ब्लेडने कापा आणि दोन्ही तुकड्यांवरून जाईल अशी पेन्सिलने सरळ रेघ मारा. तारीख लिहा. शेजारी स्केल धरून फोटो. एक फोटो ट्रक जोडलेला असताना, एक सोडल्यावर, एक पुढच्या ट्रिपनंतर. रेघ तुटून वर-खाली सरकली म्हणजे भिंत आणि कॅप एकमेकांवरून घसरतायत, टेपच्या दोन तुकड्यांमधलं अंतर वाढलं म्हणजे ती एकमेकांपासून लांब जातायत. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि वेल्डरला हे सांगितलंत तर त्याचा वेळ वाचतो. शिवाय वॉरंटीचं भांडण झालं तर हेच फोटो कामाला येतात.

२. कागद बघा

बाहेरून डाव्या बाजूला, पुढच्या भागात, गाडीचं सर्टिफिकेशन लेबल असतं. त्यावर व्हीआयएन (गाडीचा ओळख नंबर) आणि जास्तीत जास्त किती वजनापर्यंत गाडी भरायची ते असतं. अमेरिकेत असाल तर तो १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन एनएचटीएसएच्या (तिथल्या रस्ता-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) साइटवर टाका, रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने दुरुस्तीला बोलावणं) असेल तर फुकट कळतो आणि रिकॉलचं काम पण फुकट होतं. आधी पैसे खर्च करून मग रिकॉल निघाला की फार वाईट वाटतं लोकांना. तक्रारही तिथेच नोंदवता येते, नोंदवाच, एकाच मॉडेलच्या तक्रारी जमल्या की मगच कोणीतरी चौकशी करतं.

अजून एक, कॅम्पर बनवणारी कंपनी आणि फ्रेम बनवणारी कंपनी बऱ्याचदा वेगवेगळी असते. फ्रेमवर तिचं वेगळं स्टिकर, वेगळा सिरियल नंबर असतो, त्याचाही फोटो काढून ठेवा. फ्रेमची वॉरंटी वेगळी असू शकते. आणि वॉरंटीत पूर्णवेळ राहण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, बऱ्याच वॉरंटी पूर्णवेळ राहणाऱ्यांना लागू होत नाहीत. वॉरंटी शिल्लक असेल तर इथून पुढे कुठेही ग्राइंडर लावायच्या आधी कंपनीला लेखी कळवा.

३. वजन करा, अंदाज नको

सगळ्यात जास्त लोक ही पायरी टाळतात आणि सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) थोडक्या डॉलरांत काम होतं. ट्रिपला निघताना जशी भरता तशीच भरा, पाणी, गॅस, माणसं, सगळं. आधी ट्रक जोडून वजन घ्या, मग कॅम्पर कुठेतरी नीट उभा करून नुसत्या ट्रकचं घ्या.

समजा नुसता ट्रक ८,४०० पाउंड. जोडल्यावर ट्रकच्या दोन्ही ॲक्सलवर मिळून ११,००० आणि कॅम्परच्या ॲक्सलवर १०,२००. म्हणजे पिनवर २,६०० आणि कॅम्परचं एकूण १२,८००. पिनवर साधारण २० टक्के आले, ठीक आहे. फिफ्थ व्हीलला पिनवर साधारण २० ते २५ टक्के असतं. आता १२,८०० ची तुलना लेबलवरच्या आकड्याशी करा, आणि पिनच्या वजनाची तुमच्या ट्रकच्या, हिचच्या आणि पिन बॉक्सच्या क्षमतेशी. तिन्ही वेगळे आकडे आहेत, सगळ्यात लहान जो असेल तो तुमचा.

एकूण वजन बसतंय तरी वाटणी चुकीची असू शकते. पाणी एका गॅलनला जवळपास ८.३ पाउंड, म्हणजे ६० गॅलनची टाकी भरली की ५०० पाउंड, आणि ती टाकी कुठे आहे त्यावर सगळं अवलंबून. पुढच्या खणात जनरेटर, बॅटऱ्यांची बँक, अवजारं असं सगळं कोंबलं की पिन जड होते आणि तोच कोपरा अजून ताणला जातो. उलट मागे सायकल रॅक लावला की मागचे बीम वाकतात. बऱ्याच गाड्यांत मागे बंपरवर किंवा मागच्या हिचवर काही टांगायची परवानगीच नसते, मॅन्युअल बघा. गाडी जड निघाली तर वेल्डिंगवर एक डॉलर खर्च करायच्या आधी सामान उतरवा, नाहीतर नवीन वेल्ड पण तिथेच तडकेल.

४. हिच, उंची आणि ब्रेक

कॅम्पर जोडलेला असताना बाजूने लांबून बघा, सपाट दिसला पाहिजे. नाक वर असेल तर मागच्या ॲक्सलवर जास्त भार जातो, पुढचा ॲक्सल हलका, आणि सगळ्या फ्रेमला नको तो ताण. पण नाक खाली करायच्या नादात ट्रकच्या बेडची कडा आणि डेकचं पोट यांच्यातली जागा सहा इंचाच्या खाली फारशी जाऊ देऊ नका, चढ-उतारावर आणि खड्ड्यात डेक थेट ट्रकवर आपटतो. डेकच्या पोटाला किंवा ट्रकच्या कडेला आपटल्याची खूण असेल तर फट का पडली ते तिथेच कळलं.

मग हिचचे जबडे. किंगपिन दोन इंच जाडीचा असतो, जबडा झिजला की त्यात तो पुढे-मागे खेळतो. एकाने ट्रकमध्ये बसून, कॅम्परचे ब्रेक कंट्रोलरने (ट्रकमधून कॅम्परचे ब्रेक लावणाऱ्या उपकरणाने) हाताने धरून, ट्रक हळूच पुढे-मागे करायचा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, ठक्क असा आवाज आणि सरकणं दिसलं की जबड्याची ॲडजस्टमेंट करा किंवा बदला. प्रत्येक ब्रेकला तो ठोका सरळ पिन बॉक्समधून डेकच्या वेल्डवर जातो. ब्रेक कंट्रोलरची सेटिंग कमी असेल तरी तेच, कॅम्पर ट्रकला ढकलत राहतो.

आणि ज्यांनी किंगपिनला गूजनेक ॲडॅप्टर (बेडमधल्या बॉलवर जोडता यावं म्हणून लावायचं लांब नळकांडं) लावलाय त्यांच्यासाठी खास. लांब नळकांडं खाली आलं की तरफ लांब झाली, ब्रेक मारताना पिन बॉक्सच्या मुळाशी येणारा पिळ कितीतरी पटींनी वाढतो. डेक त्यासाठी बनवलेला नसतो. कित्येक फ्रेम कंपन्या असा ॲडॅप्टर लावला तर वॉरंटी देत नाहीत. फट पडलीये आणि ॲडॅप्टर लावलेला आहे अशी जोडी दिसली तर मी आधी ॲडॅप्टर काढायला सांगतो.

५. हलवून बघा

आता मुख्य तपासणी, आणि हीसुद्धा फुकट. सपाट जागा, कॅम्परच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, ट्रकचा पार्किंग ब्रेक, हिच लॉक झालेला, कोणीही खाली जायचं नाही, हात फटीत घालायचा नाही. फोन ट्रायपॉडवर ठेवून कॅमेरा त्या कोपऱ्यावर रोखा आणि व्हिडिओ चालू करा. दुसऱ्या माणसाने लँडिंग गिअर खाली सोडत न्यायचे, पाय जमिनीला टेकून पिनवरचं वजन घेईपर्यंत, मग परत वर. दोन-तीन वेळा सावकाश.

व्हिडिओत तुमच्या पेन्सिलच्या रेघेवर नजर ठेवा. सगळं नाक, भिंत आणि कॅप मिळून एकत्र थोडं वर-खाली झालं तर ते चालतं, लोखंड थोडं वाकणारच, काहीच न हलणारी फ्रेम नसते. पण कॅप वर गेली आणि भिंत जागेवर राहिली, टेपच्या दोन तुकड्यांमधून काळी फट उघडली आणि वजन लँडिंग गिअरवर गेल्यावर मिटली, तर भिंत आणि डेक यांची जोड सुटलेली आहे किंवा आतलं वेल्ड गेलंय. एका बाजूला हे होतंय आणि दुसऱ्या बाजूला नाही, हे तर जवळजवळ नक्कीच वेल्ड. आतूनही बेडरूमच्या कोपऱ्यात कान लावून एकाने बसावं, करकर आवाज कुठून येतोय ते कळतं. मोजमापाचा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लावता येत नाही, म्हणून डावी-उजवी तुलना आणि आधीचा-नंतरचा व्हिडिओ, यावरच मी भरवसा ठेवतो.

इथपर्यंत काहीच हललं नाही, वजन बसतंय, हिच घट्ट आहे, सीलंटच नुसतं वाळलेलं होतं, तर जुनं पूर्ण काढून नवीन भरा आणि ट्रिपला जा. खूण मात्र राहू द्या.

६. खाली वाका, सस्पेन्शन बघा

चाकांच्या वर, आय-बीमच्या खालच्या पट्टीला स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग टांगायचे कान) वेल्ड केलेले असतात. तीक्ष्ण वळण घेताना, विशेषतः मागे घेताना, दोन ॲक्सलची चाकं एकमेकांविरुद्ध आडवी ओढली जातात आणि हे हँगर बाजूला वाकतात. टॉर्च घेऊन समोरून बघा, सरळ खाली आहेत का तिरके. वेल्डच्या कडेने रंगात बारीक भेग, त्यातून गंजाची तपकिरी रेघ, हे बघायचं. आय-बीमची खालची पट्टी हँगरच्या वर लाटेसारखी झालीये का तेही.

मग शॅकल, म्हणजे स्प्रिंगचं टोक जोडणाऱ्या छोट्या पट्ट्या. बऱ्याच गाड्यांना कारखान्यातून नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) येतात आणि ते काही हजार मैलांत झिजून जातात, मग बोल्ट थेट लोखंडावर घासतो आणि शॅकलची गोल भोकं अंडाकृती होतात. हे काम घरी करता येतं. कांस्याचे बुश आणि ग्रीस निपलवाले बोल्ट, जाड शॅकल, असं किट बसवा. खर्च कमी, फरक मोठा. जॅक मात्र ॲक्सलच्या नळीखाली लावू नका, नळी वाकते, हँगरजवळ फ्रेमखाली लावा आणि नुसत्या जॅकवर कधीही खाली जाऊ नका, स्टँड हवाच.

मोजायची टेप घेऊन मापं काढा. किंगपिनच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खूण, तिथून पुढच्या ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत. १/८ इंचापर्यंतचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर ॲक्सल सरकलाय किंवा हँगर वाकलाय, आणि कॅम्पर थोडा तिरका ओढला जातोय, त्याचा पिळ पुढे नाकापर्यंत जातो. टायर झिजण्याचं कारणही बहुधा हेच निघतं.

लेव्हलिंगची सवयही इथेच सांगून टाकतो. ऑटो लेव्हलवाल्या (पाय आपोआप खाली-वर करून सपाट होणाऱ्या) गाड्यांत एकच कोपरा खूप उचलला की सगळी फ्रेम पिळली जाते, भेग बऱ्याचदा स्लाइडच्या कोपऱ्यात दिसते. आधी चाकाखाली पाट्या घालून डावं-उजवं जवळपास सरळ करून घ्या, मग पाय सोडा, स्लाइड सगळ्यात शेवटी उघडा.

७. पिन बॉक्स आणि दिसणारी वेल्ड

पिन बॉक्स डेकखालच्या दोन जाड पाट्यांना बोल्टने बसवलेला असतो. बोल्टच्या डोक्याभोवती रंग गेलेला आणि धातू चकाकतोय, किंवा गंजाची पूड, म्हणजे बोल्ट सैल होऊन पाटी घासत होती. टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर घट्ट करा, नुसता जोर लावून नाही. बोल्ट बदलायचा असेल तर त्याच ग्रेडचा, डोक्यावर सहा रेघा म्हणजे ग्रेड ८, तीन म्हणजे ग्रेड ५. सहा रेघांच्या जागी तीनचा घालू नका. भोक मोठं झालं असेल तर जाड वॉशर घालून वेळ मारून नेऊ नका, तिथे थांबा.

वेल्डवर संशय आला की डाय पेनिट्रंटचं (भेगेत शिरणाऱ्या रंगाचं) तीन डब्यांचं स्प्रे किट आणा. नुसत्या डोळ्यांनी रंगाची भेग आणि लोखंडाची भेग वेगळी ओळखता येत नाही. वायर ब्रशने रंग पूर्ण काढायचा, क्लीनरने पुसायचं, लाल डाय मारून डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, साधारण दहा मिनिटं. मग क्लीनर कापडावर घेऊन पुसायचं, थेट वेल्डवर मारायचं नाही, नाहीतर भेगेत गेलेला डायसुद्धा निघून जातो. मग पांढरा डेव्हलपर, पातळ थर. वेल्ड चांगलं असेल तर पांढरं पांढरंच राहतं. भेग असेल तर मिनिटभरात पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते आणि हळूहळू रुंद होत जाते. बहुतेक वेळा ती वेल्डच्या मधोमध नसते, वेल्ड जिथे संपतं त्या कडेला असते. तिची दोन्ही टोकं मार्करने नोंदवा, फोटो काढा.

लाल रेघ दिसली की तुमचं काम संपलं. पुढचं वेल्डरचं.

८. पोट आणि नाक उघडणं

इथे वेळ आणि मेहनत दोन्ही लागतात. पोटाखालचा पत्रा काढला की आडवे बीम, टाक्यांचे आधार आणि मुख्य बीममधून पाइपसाठी पाडलेली भोकं दिसतात. भोक बीमच्या उभ्या भागात मधोमध, गोल आणि गुळगुळीत असेल तर ठीक. चौकोनी, गॅसच्या ज्योतीने कापलेलं, खालच्या पट्टीला लागून असेल तर तिथूनच भेग निघते. टाकीखालचे आधार वाकलेत का, पत्र्यात पाणी साचलंय का बघा. पत्रा नीट कापून उघडा, नंतर टेपने बंद करता येतो.

डेकच्या पोटाखालचं आवरण काढलं की उभे खांब आणि डेक यांचा सांधा समोर येतो, तोच तो आतला कोपरा. मी बघितलेल्या खराब गाड्यांत तुटलेली वेल्ड बहुतेक वेळा इथेच सापडली, कधी वेल्ड लहान, कधी वरवर बसलेलं, आत शिरलेलंच नाही. आवरण काढायला वायर, डक्ट आणि कधी गॅसची लाइन मधे येते. याची सवय नसेल तर नाक उघडण्याचं काम दुकानाला द्या, तुम्ही फक्त पाचव्या पायरीचा व्हिडिओ दाखवा.

कधी थांबायचं

खालीलपैकी काहीही दिसलं तर गाडी ओढू नका, हळू चालवतो, जवळच जायचंय, असंही नाही. पिन बॉक्समध्ये किंवा त्याच्या पाट्यांमध्ये भेग. डेक आणि खांबाच्या सांध्यात भेग. मुख्य आय-बीमच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत भेग. हँगर बीमपासून सुटत चाललेला. हलवून बघताना फट उघडून मिटतेय आणि आत उजेड दिसतोय. आय-बीम एका बाजूला डोळ्याला दिसेल इतका झुकलेला. फिरता वेल्डर जागेवर येतो, नाहीतर फ्लॅटबेडवर न्या.

घरी वेल्डिंग मशीन आहे म्हणून स्वतः करू नका, हे मी मनापासून सांगतोय. भिंतीत फोम आणि लाकूड आहे, काही इंचांवर वायरिंग आणि गॅस आहे, ठिणगी आत गेली तर तासाभराने पेट घेते. आणि चुकीच्या जागी आडवं वेल्ड मारलं की तिथेच पुढची भेग तयार होते. बीमच्या खालच्या पट्टीवर आडवं वेल्ड किंवा नवीन भोक हे तर नकोच, किंगपिन आणि चाकं यांच्यामधल्या लांब भागात सगळ्यात जास्त ताण तिलाच असतो.

वेल्डर निवडताना अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं सर्टिफिकेट आहे का विचारा, आणि ट्रेलरच्या फ्रेमचं काम केलंय का हे त्याहून आधी विचारा. काम कसं करणार ते लिहून मागा. भेगेच्या टोकांना भोक पाडून तिला थांबवणार का, भेग ग्राइंड करून मुळापर्यंत नवीन वेल्ड भरणार का, की वरूनच पाटी ठोकणार. वरून नुसती पाटी ही दुरुस्ती नाही, खालची भेग तशीच वाढत राहते. पाटी लावायची असेल तर तिची टोकं निमुळती हवीत, चौकोनी पाटीच्या कडेला सगळा ताण गोळा होतो. दोन्ही बाजू सारख्याच मजबूत करायला सांगा, एकाच बाजूला केलं तर दुसरी जास्त वाकते.

काम सुरू व्हायच्या आधी सिलिंडर उतरवलेत, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्यात, शोअर पॉवर (बाहेरून घेतलेली वीज) काढलीये, हे स्वतः बघा. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावलेला हवा, लांब लावला तर करंट चाकांच्या बेअरिंगमधून जाऊन त्यांना खराब करू शकतो. आवरण बंद करायच्या आधी दुरुस्तीचे फोटो मागा, वॉरंटीचं काम असलं तरी. भिंत डेकपासून सुटलेली असेल तर ती परत बांधायचं काम वेगळं असतं आणि ते वेल्डर करत नाही, आरव्ही (कॅम्परसारख्या गाड्यांच्या) बॉडीचं दुकान करतं, दोघांचा अंदाज आधीच घेऊन ठेवा. वेल्ड आधी, भिंत नंतर, सीलंट सगळ्यात शेवटी, हा क्रम कोणाच्याही सांगण्यावरून बदलू नका.

दुरुस्ती झाल्यावर नवीन सीलंटच्या शेजारी परत टेप लावा, रेघ मारा, पाचवी पायरी परत करून व्हिडिओ काढा आणि जुन्याच्या शेजारी ठेवून बघा. पहिल्या लांब ट्रिपनंतर पिन बॉक्सच्या बोल्टचा टॉर्क परत तपासा आणि वजन परत करा, कारण दुरुस्तीच्या पाट्यांचंही वजन असतं आणि नाकात लावलेल्या पाट्यांचं बरंचसं पिनवरच येतं.